लातूरहून वेरूळ-अजिंठा स्वतःच्या कारने: डिसेंबरच्या सुट्टीसाठी गाडीची आणि प्रवासाची तयारी कशी करावी?

प्रश्न असा आहे: "डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लातूरहून वेरूळ-अजिंठ्याला कारने जायचंय. आम्ही दोघं, आई-वडील आणि सहा वर्षांची मुलगी. गाडी सात वर्षांची, पेट्रोल, बहुतेक शहरातच चाललेली. हातात चार दिवस आहेत. रात्री दहाला निघून पहाटे पोहोचलं तर बरं पडेल का? गाडीचं काय काय बघून घेऊ?"

आधी रात्रीचं सांगतो. रात्री निघू नका. तुमच्या बाकीच्या सगळ्या तयारीपेक्षा या एका निर्णयाला जास्त महत्त्व आहे.

डिसेंबर म्हणजे उसाचा गाळप हंगाम ऐन भरात असतो. लातूर, बीड, धाराशिव, कुठूनही निघा, कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी हात-दीड हात बाहेर आलेला ऊस, आणि मागे दिवा नाही. रिफ्लेक्टर असला तरी तो चिखलाने माखलेला किंवा लोंबणाऱ्या वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या शेंड्यांखाली, झाकलेला. डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या दिव्यांत, तुम्हाला समोरचं साधारण 40-50 मीटर नीट दिसतं. ताशी 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. म्हणजे ट्रॉली दिसल्यापासून तुमच्या हातात दोन सेकंद, आणि कोरड्या रस्त्यावरसुद्धा पूर्ण थांबायला 55-60 मीटर लागतात. हे गणित जुळतच नाही, तुम्ही कितीही चांगले चालक असा.

समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू असेल तर तो मोटारसायकल वाटतो. आपण त्या हिशेबाने जागा सोडतो आणि मागून ट्रॉल्या झुलत येतात. शिवाय कारखान्याच्या आसपास बैलगाड्या असतात. ट्रॉली पंक्चर झाली की तिच्याभोवती दगड मांडतात. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात.

म्हणून सकाळी निघा. डिसेंबरअखेर उजाडायला पावणेसात होतात, सूर्य सहाच्या आत मावळतो. सातला निघालात तर अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, पाचोड या रस्त्याने छत्रपती संभाजीनगर सुमारे 270 किलोमीटर पडतं. थांबे धरून सात तास धरा, दोन-अडीचला मुक्कामी पोहोचाल. नदीकाठी आणि तलावाजवळ सकाळी आठपर्यंत धुकं असू शकतं. धुक्यात अप्पर लावू नका, प्रकाश उलटून डोळ्यांवर येतो. डिपर ठेवा आणि वेग कमी करा.

आता वार ठरवा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. शनिवारी निघून मंगळवारी परत, असा बेत बरेच जण करतात आणि सोमवारी अजिंठ्याच्या दारातून परततात. बुधवारी निघा, गुरुवारी वेरूळ, शुक्रवारी अजिंठा, शनिवारी परत. नाताळची गर्दी असेलच, पण आठवड्याच्या मधल्या दिवसांत थोडी सुसह्य असते.

गाडीची सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. दहा-बारा दिवस आधी करून घ्या आणि त्यानंतर गाडी किमान 50 किलोमीटर चालवा. सैल राहिलेला नट, ऑइल फिल्टरपाशी झिरपणारं ऑइल, नीट न बसलेला होस पाइप, सर्व्हिसिंगमध्ये राहिलेल्या अशा चुका पहिल्या 50 किलोमीटरमध्ये बाहेर येतात. त्या लातुरात येऊ द्या, मांजरसुंब्याच्या घाटात नको.

सात वर्षांच्या गाडीत सगळ्यात आधी टायर बघा. टायरच्या बाजूवर 'डॉट' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. 2318 असेल तर तो टायर 2018 सालच्या 23व्या आठवड्यात बनला. हे आकडे कधी कधी टायरच्या आतल्या बाजूला असतात, वाकून बघावं लागतं. गाडीसोबत आलेलेच टायर अजून असतील, तर नक्षी शिल्लक दिसली तरी बदला. शहरात कमी चाललेल्या गाडीचं हेच होतं: नक्षी झिजत नाही, पण रबर वाळतं आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडतात. नक्षीची कायदेशीर किमान खोली 1.6 मिलिमीटर आहे. खाचांमध्ये मधे मधे छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. नवे दोनच घेणार असाल तर ते मागे बसवा. मागची चाकं घसरली तर गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणं अवघड असतं.

हवा गार टायरमध्ये भरा, म्हणजे सकाळी, घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या पंपावर. किती भरायची हे पंपावरच्या मुलाला विचारू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर दोन माणसांसाठी वेगळा आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो. तुम्ही पाच जण आणि सामान, म्हणजे भरलेल्या गाडीचा आकडा, आणि तो बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना जास्त असतो. तासभर चालल्यावर हवा तीन-चार पीएसआयने वाढलेली दिसेल. ती वाढ नैसर्गिक आहे, काढू नका. टायर फुटण्यामागे बहुतेकदा कमी हवा असते. कमी हवेत भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते, तापते आणि आतले थर सुटतात. हवा भरतो तो वॉलही (व्हॉल्व्ह) बघा. रबर चिरलं असेल तर नवा वॉल टाका, किंमत अगदी किरकोळ असते.

स्टेपनीची हवा हमखास राहते. तीही भरा. स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान असेल तर तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते, बहुतेक 80. ती पाळा आणि पहिल्या पंक्चरवाल्याकडेच थांबा. आणि घरी एकदा चाक बदलून बघा. दुकानात नट हवेच्या गनने आवळतात, ते गाडीतल्या छोट्या पान्याने निघतच नाहीत. घरी निघाले नाहीत तर दुकानात जाऊन ते हातपान्याने आवळून घ्या. चाक बदलताना हँडब्रेक लावा, तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा, चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा आणि मगच जॅक लावा. इशाऱ्याचा लाल त्रिकोण गाडीपासून किमान 50 पावलं मागे ठेवा, आणि तेवढा वेळ घरच्यांना गाडीत नाही, रस्त्याच्या कडेपासून लांब उभं करा.

कूलंट इंजिन गार असताना बघा, पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं तेच ओतलं गेलं असेल तर आत क्षार बसलेले असतात, शहरात कळत नाही, घाटात तापमानाचा काटा वर चढतो. झाकणाच्या आत पांढरट किंवा तांबूस थर दिसला तर रेडिएटर फ्लश करून घ्या. रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद करा, बाजूला थांबा, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, दोन वर्षांत बदललं नसेल तर आता बदला. ब्रेक पॅड तीन मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर नवे. बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर तपासून घ्या. थंडीच्या सकाळी ती पहिल्यांदा दगा देते. वायपरचं रबर, काचेचं पाणी, चारही इंडिकेटर, ब्रेकलाइट: हे घरच्या घरी दहा मिनिटांचं काम आहे.

रस्त्याबद्दल. मांजरसुंब्यापर्यंत गावं, फाटे आणि पट्टे पुसले गेलेले गतिरोधक. गावाची पाटी दिसली की पाय एक्सलरेटरवरून काढा. मांजरसुंब्याला सोलापूर-धुळे महामार्ग लागतो, तो चौपदरी आहे. तिथे भीती वेगळी: दुभाजक ओलांडणारी जनावरं आणि उलट्या बाजूने येणारी वाहनं, कधी साईडपट्टीवरून, कधी दुभाजकाला चिकटून. घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नाही.

काळ्या मातीची एक गोष्ट लक्षात ठेवा. ती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून डांबराची कड तुटते आणि साईडपट्टी काही ठिकाणी वीतभर खाली जाते. डावं चाक खाली उतरलं तर स्टिअरिंग झटक्याने उजवीकडे ओढू नका. चाक कडेला घासत राहतं आणि एकदम वर चढलं की गाडी थेट समोरच्या लेनमध्ये जाते. स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक न दाबता वेग उतरू द्या, मग कड कमी उंच दिसेल तिथे हळू वर घ्या. आतल्या रस्त्यांवर तूर डांबरावर पसरलेली दिसली तर तिच्यावरून जाऊ नका. वाळलेल्या काड्या गाडीखाली गुंडाळतात आणि सायलेन्सरच्या उष्णतेने पेट घेऊ शकतात.

बसायचं असं: वडील पुढे, मागे आई डाव्या दाराशी, म्हणजे रस्त्याच्या कडेला उतरता येईल. मुलगी मागेच, बूस्टर सीटवर, कारण सहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा बेल्ट गळ्यावर येतो. मागचेही बेल्ट लावा. डिकीत जड बॅग खाली आणि सीटला टेकून; मागच्या काचेखालच्या फळीवर काही ठेवू नका, जोरात ब्रेक लागला की ते थेट डोक्यावर येतं. आई-वडिलांची औषधं डिकीत नकोत, हाताशी.

खायला धपाटे, दशमी, शेंगदाण्याची चटणी घरूनच घ्या, दोन दिवस टिकतात. रस्त्यात हुरडा मिळेल, जरूर खा, पण चालवणाऱ्याने मूठभरच. पोट जड झालं की दुपारी दोनच्या उन्हात डोळे मिटतात. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा. पेंग आली तर चहाने जात नाही. पंपावर गाडी लावून वीस मिनिटं झोपा.

फास्टॅगचं केवायसी आणि शिल्लक बघा. टॅग बंद असला तर टोल जास्त पडतो. आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात. 112 आपत्कालीन, 108 रुग्णवाहिका, 1033 राष्ट्रीय महामार्गाची मदत: हे तीन नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा.

वेरूळला आई-वडिलांसोबत आधी कैलास, म्हणजे 16 क्रमांकाचं लेणं बघा, ते प्रवेशद्वारासमोरच आहे. दौलताबादचा किल्ला वाटेतच लागतो. वर जायला साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, वडीलधाऱ्यांनी खालचा भाग बघितला तरी पुष्कळ. अजिंठा छत्रपती संभाजीनगरपासून शंभर किलोमीटर, फुलंब्री-सिल्लोडवरून. सकाळी सातलाच निघा. गाडी टी पॉइंटला लावून पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं, वर पायऱ्या आहेत, डोली मिळते. चित्रांवर फ्लॅश चालत नाही.

परतीच्या सकाळी पुन्हा गार टायरची हवा बघा आणि आठला निघा. खरेदीत वेळ जाऊन बारा वाजले असतील तर लातूरचा हट्ट धरू नका. बीडला मुक्काम करा आणि उरलेला रस्ता रविवारी उजेडात उरका.