वाचक विचारतात : लिनक्सवर एकदाच करायचं काम

प्रश्न : ऑफिसच्या उबुंटू मशीनवर रात्री अडीचला एकदाच बॅकअप घ्यायचा होता. क्रॉनमधली (वारंवार करायची कामं वेळेवर चालवणारी सोय) ओळ नंतर काढायची राहून जाते, म्हणून एकदाच काम लावणाऱ्या 'ॲट' कमांडला '-एफ' जोडून स्क्रिप्ट (कमांडची फाइल) लावली. सकाळी 'एटीक्यू'ची (बाकी कामं दाखवणारी) यादी रिकामी, बॅकअप नाही, एररही नाही. हाताने चालवली की स्क्रिप्ट नीट चालते. चुकलं कुठे?

उत्तर : यादी रिकामी, म्हणजे काम सुरू झालं होतं. 'एटीडी' (ही कामं चालवणारी सेवा) बंद असती तर ते यादीतच पडून राहिलं असतं. संशय '-एफ'वर घ्या. तो स्क्रिप्ट चालवत नाही, तिचा मजकूर 'एसएच' या शेलला (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) वाचायला देतो. त्यामुळे पहिल्या ओळीत बॅश (दुसरा शेल) लिहिलेलं असलं तरी ती ओळ नुसती टिप्पणी ठरते. उबुंटूवर 'एसएच' म्हणजे डॅश हा शेल, आणि त्याला बॅशचे दुहेरी चौकोनी कंस कळत नाहीत. 'इफ'मध्ये ते आले की 'नॉट फाउंड' म्हणून अट खोटी ठरते आणि बॅकअप वगळून स्क्रिप्ट मुकाट्याने संपते. एरर मेलने पाठवला जातो; मशीनवर मेलची सोयच नसेल तर तो दिसणार कुठे?

'-एफ' सोडा. 'ॲट ०२:३०' लिहून एंटर दाबा. पुढच्या ओळीत 'बॅश', स्क्रिप्टचा पूर्ण पाथ, मग > आणि लॉग फाइलचा पाथ, शेवटी एररही त्याच फाइलमध्ये जावेत म्हणून 2>&1. नव्या ओळीवर कंट्रोल-डी. मिळालेला नंबर 'ॲट -सी'ला दिला की नेमकं काय चालणार ते दिसतं. आधीची लांबलचक यादी एन्व्हायर्नमेंटची (शेलच्या सेटिंग्जची), आपली ओळ तळाशी. रद्द करायचं तर 'एटीआरएम' आणि तोच नंबर.

अडीचला मशीन बंद असेल तर काम बुडत नाही, सकाळी मशीन सुरू झाल्यावर चालतं. भर कामाच्या वेळी बॅकअप नको असेल तर स्क्रिप्टमध्येच वेळ तपासा.

प्रश्न : बॅकअप झाल्यावर मशीन आपोआप बंद व्हावं. 'सुडो' (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) लिहिलं तर चालेल?

उत्तर : कामाच्या आत नको. पासवर्ड विचारायला तिथे टर्मिनल नसतो, त्यामुळे ते तिथेच फसतं. सुरुवातच 'सुडो ॲट'ने करा आणि घरच्या फोल्डरसाठी ~ वापरू नका. काम रूटच्या (मशीनच्या मुख्य प्रशासकाच्या) नावाने चालत असल्याने ते रूटचं फोल्डर धरलं जाईल. बॅकअपच्या ओळीला && जोडून 'शटडाउन -एच नाऊ' लिहा. म्हणजे बॅकअप यशस्वी झाला तरच मशीन बंद होईल. मात्र आरसिंक (बॅकअपची फाइल-नक्कल करणारी कमांड) ही स्क्रिप्टमधली शेवटची कमांड हवी, कारण स्क्रिप्ट यशस्वी की नाही ते शेवटच्या कमांडवरून ठरतं. शेवटी नुसता 'एको' (स्क्रीनवर मजकूर छापणारी कमांड) असला तरी बॅकअप फसूनही मशीन बंद होईल.