नागपुरात वॉटर-फेड पोलने काचा धुण्याचा व्यवसाय चालेल का? सुरुवात कशी करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: परदेशातले व्हिडिओ पाहिले, शिडी न लावता लांब पोलने काचा धुण्याचा धंदा नागपुरात सुरू करायचा आहे, हाताशी चार-पाच लाख आहेत, तर आधी कोणता पोल घ्यावा? मी याच शहरात इमारतींच्या सफाईची कामं घेतो, हा पोलही वापरतो. धंदा चालेल. पण पोल सगळ्यात शेवटी घ्या, आधी पाण्याची सोय करा.

या पद्धतीत साबण नाही, वायपर नाही, फडका नाही. पोलच्या टोकाच्या ब्रशने घासायचं, त्यातूनच येणाऱ्या पाण्याने मळ खाली उतरवायचा आणि काच तशीच वाळू द्यायची. पाण्यात क्षार असले की पाणी उडून जातं आणि क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात काचेवर राहतात. म्हणून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्याच्या आसपास हवा. १० पीपीएमच्या (लिटरमागे १० मिलिग्रामच्या) वर गेला की गडद काचेवर डाग दिसू लागतात. टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, तो आजच घ्या आणि जिथून पाणी भरणार तिथलं मोजा. नळाचं आणि बोअरचं दोन्ही मोजा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगवेगळं मोजा. आकड्यांतला फरक पाहिला की पुढचं सगळं गणित आपोआप समजेल.

घरच्या आरओचं पाणी चालेल का, असं बरेच जण विचारतात. नाही चालत. त्यात बहुतेकदा चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं. तुम्हाला ही साखळी लागेल: गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर, मग क्लोरीन काढणारा कार्बन फिल्टर (क्लोरीनने मेंब्रेन खराब होतो, म्हणून हा टाळू नका), मग आरओ मेंब्रेन (बहुतेक क्षार अडवणारा पडदा) आणि शेवटी मिक्स्ड बेड डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे). आरओ टाळून थेट रेझिनने काम भागवायचा मोह होतो, कारण सुरुवातीला ते स्वस्त पडतं. पण हिशोब करून बघा. पाण्याचा टीडीएस ३०० असेल आणि आरओ ९५ टक्के क्षार अडवत असेल, तर रेझिनपाशी १५ चं पाणी पोचतं. आरओ नसेल तर तेच रेझिन साधारण वीसपट लवकर संपेल. बोअरच्या जड पाण्यावर तर रेझिन विकत घेता घेता नफा संपतो.

भांडवल आणखी वाचवायचं असेल तर सुरुवातीला प्लांट बसवूच नका. बॅटरीत घालायचं पाणी बनवणारे लोक डीआय, म्हणजे क्षार काढलेलं पाणीच बनवतात. त्यांच्याशी किंवा जारवाल्या आरओ प्लांटशी ठोक भावाचं बोलून बघा. जारवाल्याकडून घेतलं तर ते पुढे तुमच्या रेझिनमधून काढायचं. मीटर लावल्याशिवाय मात्र एकही ड्रम ताब्यात घेऊ नका.

नागपूरच्या उन्हाचा परिणाम पाण्यावरही होतो. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात घालवणार नाही इतकं तापतं. पाणी जितकं गरम तितके जास्त क्षार मेंब्रेनमधून पलीकडे जातात, शिवाय बहुतेक मेंब्रेन ४५ अंशांपर्यंतच्याच पाण्यासाठी बनवलेले असतात. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी रात्री बनवून सावलीत साठवावं. छोट्या आरओतून शुद्ध पाण्याइतकं किंवा त्याहून जास्त पाणी बाहेर टाकलं जातं. ते गटारात जाऊ देऊ नका. फरशी, पायऱ्या धुवायला ते चालतं, आणि पाणीटंचाईच्या दिवसांत शेजारी विचारतील तेव्हा तुमच्याकडे उत्तरही असेल.

एका पोलला मिनिटाला साधारण दीड-दोन लिटर पाणी लागतं, म्हणजे सकाळच्या चार तासांना ५०० लिटर धरा. हे अर्धा टन वजन झालं. छोटा हत्ती ते सहज नेतो, पण टाकी चेसिसला पक्की बांधलेली हवी. पंप १२ व्होल्टचा, बॅटरीवर चालणारा पुरतो.

आता गिऱ्हाईक. इथे परदेशातले व्हिडिओ तुमची दिशाभूल करतील. ब्रिटनमध्ये २००५ चे उंचीवरच्या कामाचे नियम आल्यावर शिडी सोडून पोलकडे वळण्याला जोर आला आणि तिथे घरोघरी हाच धंदा चालतो. पण तिथल्या खिडक्यांना बाहेरून लोखंडी ग्रिल नसते. आपल्याकडे मनीषनगर असो की प्रतापनगर, खिडकीला ग्रिल, आत जाळी, आणि स्लायडिंगच्या ट्रॅकमधून पाणी थेट सोफ्यावर. ग्रिलमधून ब्रश फिरत नाही. म्हणून घरांच्या खिडक्यांवर धंदा उभा करू नका.

तुमचं गिऱ्हाईक म्हणजे समोरून काच असलेल्या तळमजला अधिक दोन किंवा तीन मजल्यांच्या इमारती. धंतोली-रामदासपेठेतली हॉस्पिटलं, वर्धा रोड आणि कामठी रोडवरची शोरूम, सदर-धरमपेठेतली दुकानं, कोचिंग क्लासेस. सिमेंट रस्त्यांच्या आणि बांधकामांच्या धुळीने त्यांच्या काचा पंधरा दिवसांत मळतात. तिथे तुमची स्पर्धा शिडी आणि वायपरवाल्याशी आहे, आणि तो स्वस्त आहे. त्याच्याशी भावात लढू नका. मालकाला सांगा, दोन काचा फुकट धुऊन देतो, उद्या सकाळी बघा. "नळाच्या पाण्यानंच धुवा नं भाऊ, काहून एवढा खर्च करून राहिले," असं म्हणणारा माणूस वाळलेली काच पाहून महिन्याच्या कराराचं बोलतो.

घरांचं काम हवंच असेल तर ते छतावर आहे. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेनंतर सोलर पॅनल किती वाढले ते तुम्ही बघताच आहात. ३ किलोवॉटला ५४० वॉटचे ६ पॅनल येतात, आणि लोक ते बोअरच्या पाण्याने धुऊन वर क्षारांचा पापुद्रा चढवतात. तुमचं पाणी, तुमचा ब्रश, तुमचा पोल जसाच्या तसा इथे चालतो. खाली गच्ची वापरता यावी म्हणून उंच स्ट्रक्चरवर लावलेल्या पॅनलपर्यंत घरमालकाचा हात पोचत नाही, तिथे तर पोलच हवा. फक्त धुणं सकाळी लवकर करा. तापलेल्या पॅनलवर गार पाणी पडलं तर काच तडकू शकते. तडकलेला पॅनल किंवा उघडी वायर दिसली तर पाणी लावूच नका.

हे सगळं ठरलं की मग पोल. ३० फुटी पोलने तळमजला अधिक दोन मजले होतात आणि पहिल्या वर्षी तेवढं पुरतं. ॲल्युमिनियम जड आणि लवचिक, त्याने दिवसभरात खांदे भरून येतात. फायबरग्लास मधला. कार्बन फायबर हलका आणि ताठ, म्हणून महाग.

पण कार्बन फायबर आणि ॲल्युमिनियम, दोन्हींतून वीज वाहते, आणि ओला झाला की फायबरग्लासवरही भरवसा नाही. इतवारी, महाल, जुन्या वस्त्यांत बाल्कनीजवळून तारा जातात. पोल उभा असताना तोल जाऊन कोणत्याही बाजूला आडवा पडला तरी तारेला लागणार नाही, एवढी मोकळी जागा असेल तरच काम घ्या. नसेल तर पार्टी कितीही पैसे देवो, नाही म्हणा. कामावरच्या मुलांनाही हे शिकवा, आणि त्यांना काम थांबवायचा पूर्ण हक्क द्या. विदर्भात विजा किती जीव घेतात ते आपण दर पावसाळ्यात वाचतो, म्हणून गडगडाट ऐकू आला की पोल खाली. साध्या रिमझिमीत काम चालतं.

भाव सांगण्याआधी काच हाताने चाचपून बघा. जुने क्षारांचे डाग, सिमेंटचे शिंतोडे, रंगाचे थेंब शुद्ध पाण्याने निघत नाहीत, त्याचा रेट वेगळा लावा आणि तसं लिहून द्या. बाथरूमचं ॲसिड कुणी सुचवलं तरी वापरू नका, ॲल्युमिनियमची फ्रेम काळवंडते आणि खालचा संगमरवर जातो. पहिल्या धुण्यात फ्रेममधली माती उतरत राहते, म्हणून आधी सगळ्या फ्रेम, मग काच, आणि पहिल्या खेपेला दुप्पट वेळ धरा.

कागदपत्रांत उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) फुकट होते, थोडीच माणसं असतील तर दुकान कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते, आणि जीएसटी वर्षाला २० लाखांची उलाढाल ओलांडल्यावर. पीएमईजीपीचं (रोजगारासाठीच्या केंद्राच्या कर्ज योजनेचं) अनुदान हवं असेल तर खरेदीआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन या, पहिल्यांदा ते नव्या उद्योगालाच मिळतं. मिहानमधल्या (विमानतळाजवळच्या औद्योगिक भागातल्या) मोठ्या कंपन्यांची कामं पहिल्या वर्षी धरू नका. त्या पीएफ, ईएसआयसी, विमा सगळं मागतात आणि बिल निघायला दोन-तीन महिने लागतात. तोवर पगार तुमच्या खिशातून जाईल. हॉस्पिटल आणि शोरूमवाले महिन्याच्या महिन्याला देतात, तेच आधी पकडा.