मोठ्या झाडांच्या दाट सावलीत कायम टिकणारी, आपोआप पसरणारी कोणती वनस्पती लावावी?

तुम्ही लिहिलंय की बागेत चार मोठी झाडं आहेत, खाली दिवसभर सावली असते, दोनदा लॉन लावलं आणि दोन्ही वेळा ते विरळ होत होत संपलं. आता एकदा लावली की आपली आपण पसरेल आणि वर्षानुवर्षं टिकेल अशी वनस्पती हवी आहे. एकच नाव सांगायचं तर मोंडो ग्रास. पण नुसती रोपं आणून खोचलीत तर तीही लॉनच्याच वाटेने जातील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लॉन ऊन नाही म्हणून गेलं हे अर्धंच खरं. झाडाखाली खरी टंचाई असते ती पाण्याची. झाडाची पाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक सगळी वरच्या फूटभर मातीतच असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. हलकी सर आली तर ती पानांवरच अडते, खाली पोचतच नाही. चांगलं पाणी दिल्यावर दोन दिवसांनी उघड्या वाफ्यात आणि झाडाखाली, दोन्हीकडे बोट खुपसून बघा. वाफ्यात अजून वाफसा असेल आणि झाडाखाली माती कोरडी, भुरभुरीत लागेल. सावलीत ओल टिकते हा समज झाडाखाली लागू पडत नाही, आणि बहुतेकांची रोपं याच समजापायी मरतात.

उजेडही तपासून घ्या. भर दुपारी जमिनीपासून फूटभर वर हात धरा. हाताची सावली पुसट का होईना, बोटं ओळखू येण्याइतकी पडली तर मोंडो तिथे मजेत वाढेल. सावलीच पडत नसेल तर आधी खालच्या काही फांद्या काढून घ्या. थोडे कवडसे खाली आले तरी फार फरक पडतो.

मोंडोच्या नावात ग्रास असलं तरी ते गवत नाही, शतावरीच्या कुळातलं झुडपासारखं ठोंब धरणारं रोप आहे. काळपट हिरवी, दोऱ्यासारखी अरुंद पानं. उंची साधारण वीतभर, बुटकी जात त्याच्याही निम्मी. कुंडीतला एक ठोंब उपटून मुळं धुऊन पाहा, म्हणजे मी याच्या बाजूने का बोलतोय ते कळेल. मुळांवर मध्येमध्ये दोन्ही टोकांना निमुळत्या छोट्या गाठी दिसतील. त्यांत पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, म्हणून एकदा जम बसला की चार दिवसांच्या कोरडीला हे रोप दाद देत नाही. ठोंबाच्या बुडातून एखादं पांढरं, बारीक, आडवं खोड निघालेलं असतं आणि त्याच्या टोकाला नवा फुटवा. पसरणं होतं ते असं, दर वेळी काही बोटं पुढे.

हा संथपणा मला फार मोलाचा वाटतो. सुरुवातीला मीही घाई केली होती आणि झाडाखाली वेडेलिया हा पिवळ्या फुलांचा, जमिनीवर पसरणारा वेल लावला. एका हंगामात जमीन झाकली गेली, मीही खूश. पुढच्या वर्षी तो शेजारच्या वाफ्यात, मग कुंपणापलीकडे. उपटायला घेतला तेव्हा कळलं की त्याच्या प्रत्येक पेराला मुळं फुटलेली असतात आणि मातीत राहिलेला बोटभर तुकडाही पुन्हा उठतो. पूर्ण काढायला मला दोन वर्षं लागली. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे, हे नंतर वाचलं. सिंगोनियम हा बाणासारख्या पानांचा वेलही सावलीत सुरेख दिसतो, पण बुंधा सापडला की वर चढतो. "महिनाभरात जमीन झाकते" असं कुणी कौतुकाने सांगितलं तर ती वेल कुठे थांबते, हे आधी विचारा.

आता लावणीबद्दल. जमीन खणू नका, कुदळ तर आणूच नका. खुरप्याने मुळांच्या मधली जागा शोधून छोटे खड्डे करा. अंगठ्याएवढं मूळ लागलं तर ते न तोडता खड्डा बाजूला सरकवा. लॉनसाठी आणतात तशी मातीची गाडी आणून थर देण्याचा मोहही टाळा. मुळांवर जाड थर पडला की त्यांना हवा मिळत नाही आणि झाडच खंगायला लागतं. पानांचं कुजलेलं खत दोन-तीन सेंटीमीटर पसरलं तरी पुरे, तेही बुंध्याला न टेकवता.

कुंडीतला ठोंब हाताने फोडा. प्रत्येक तुकड्याला तीन-चार फुटवे आणि स्वतःची मुळं हवीत. पानं वरून थोडी कापलीत तरी चालतं. १५ सेंटीमीटर अंतर ठेवलं तर एका चौरस मीटरला साधारण ४४ तुकडे लागतात, २० सेंटीमीटर ठेवलं तर २५. सगळी जागा एकदम विरळ लावण्यापेक्षा एक कोपरा दाट लावा आणि दोन वर्षांनी त्यातलेच ठोंब फोडून पुढे सरका. विरळ लावलेल्या जागेत तण आधी पोचतं.

पहिलं वर्षभर पाणी चुकवू नका. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा खोलवर द्या. वरवरचं पाणी झाडच पिऊन टाकतं. पहिल्या वर्षी वर काहीच हालचाल दिसणार नाही, पानं तेवढीच राहतील. उपटून बघू नका, काम खाली चालू असतं. दुसऱ्या वर्षी कडेने फुटवे दिसतील, गालिचा व्हायला तिसरं-चौथं वर्ष उजाडेल. तोवर तण हातानेच काढावं लागेल.

जागा कायम दमट असेल, नळाजवळ वगैरे, तर तिथे मोंडोऐवजी मंडूकपर्णी लावा. हिवाळ्यात जमीन गोठत असेल तर पॅकिसँड्रा किंवा स्वीट वुडरफ या सावलीत जमीन झाकणाऱ्या, थंडी सोसणाऱ्या बुटक्या वनस्पती बघा. लिली ऑफ द व्हॅली गोठत्या थंडीतही टिकते आणि सुगंधासाठी मोह पडतो, पण तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर नकोच.

गळलेला पाला झाडून नेऊ नका. बारीक पानं मोंडोच्या पात्यांमधून खाली जातात आणि तिथेच कुजतात. फक्त मोठी, चामड्यासारखी पानं वर पडून रोपांना झाकत असतील तेवढी हाताने उचला. लोखंडी दाताळं लावाल तर नवे फुटवे सोबत उपटून येतील.