टॉन्सिलमागची गाठ: तुकडा का काढला नाही?

प्रश्न : माझ्या आईचे वय 52 आहे. काही महिन्यांपासून तिचा उजवा टॉन्सिल आत ढकलल्यासारखा दिसतो. दुखत नाही, मात्र घोरणे वाढले आहे. एमआरआयवरून डॉक्टरांनी मज्जातंतूच्या आवरणाची साधी गाठ, म्हणजे श्वानोमा, असावी असे सांगून शस्त्रक्रिया सुचवली. तुकडा न तपासता शस्त्रक्रिया करणे योग्य आहे का? तिचा आवाज जाईल का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी तुकडा काढण्याची घाई केली नाही, हे फार चांगले झाले. ही गाठ टॉन्सिलची नसून घशालगतच्या, मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी आणि आवाज व गिळणे सांभाळणारा व्हेगस मज्जातंतू ज्यातून जातात त्या खोल जागेतली आहे. डोके व मान यांच्या एकूण गाठींपैकी जेमतेम 0.5 टक्के येथे होतात आणि त्यांतल्या सुमारे 80 टक्के कर्करोगाच्या नसतात. तोंडातून तुकडा काढताना गाठ रक्तवाहिन्यांनी भरलेली निघाली, तर रक्तस्राव आवरणे कठीण होते. लाळग्रंथीची निघाली, तर आवरण फाटून पेशी विखुरतात आणि ती अनेक वर्षांनीही पुन्हा उद्भवू शकते. एमआरआयमध्ये लाळग्रंथीची गाठ धमनीला बहुधा मागे सारते, मज्जातंतूची गाठ पुढे. तरीही शंका उरली, तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या आधाराने सुईची तपासणी करता येते. अंतिम निदान मात्र काढलेल्या गाठीच्या तपासणीतूनच होते.

आवाजाचे उत्तर गाठ कोणत्या मज्जातंतूची आहे यावर अवलंबून आहे, आणि हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारा. व्हेगसची असल्यास आवाज घोगरा होणे, पाणी पिताना ठसका लागणे संभवते; सिम्पथेटिक साखळीची, म्हणजे मानेतून डोळ्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची, असल्यास त्या बाजूची पापणी किंचित उतरते व बाहुली लहान होते. मानेवर छेद घेऊन, आवरण उघडून आतली गाठ सोलून काढली, तर मज्जातंतू बराचसा वाचवता येतो. पूर्ण हमी मात्र कोणीच देऊ शकत नाही. म्हणून स्वरतंतूंची हालचाल आधीच दुर्बिणीने तपासून नोंदवून ठेवावी. काहींना नंतर जेवताना पहिल्याच घासाला जबड्याजवळ तीव्र कळ येते. ती बहुधा हळूहळू कमी होते, पण आधी सांगितले नसल्यास रुग्ण घाबरतो.

गाठ लहान आणि त्रास नसता, तर ठरावीक काळाने एमआरआय करत थांबणेही योग्य ठरले असते. वाढते घोरणे गाठीमुळेच असेल, तर माझा कल शस्त्रक्रियेकडे आहे. परळच्या केईएम किंवा टाटा स्मारक रुग्णालयात दुसरे मत घेणार असाल, तर एमआरआयच्या अहवालाबरोबर मूळ चित्रांची सीडीही न्या.