गुण जिभेचे की कानांचे?

प्रश्न : आम्ही मित्र व्हिस्की चाखून तिला शंभरपैकी गुण देतो. ज्या व्हिस्कीला मी शांततेत ८८ गुण दिले होते, तिलाच संगीत चालू असताना ८१ दिले. माझी जीभ बिघडली की संगीताने घोळ घातला?

उत्तर : आपल्या जिभेवर एवढ्यात अविश्वास दाखवू नये. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लंडनला एकच व्हिस्की तीन खोल्यांत चाखायला दिली. हिरवळ आणि गवताच्या वातावरणात लोकांना ती अधिक गवताळ लागली, तर लाकडी खोलीत, लाकडाच्या करकरीच्या साथीने, घोटानंतर रेंगाळणारी तिची लाकडी चव वाढल्यासारखी वाटली. पेल्यातला द्रव मात्र तोच होता. म्हणून गुण द्यायचे ते शांततेतच द्यावेत आणि संगीताची जोडी नंतर जुळवावी.

चाखताना आधी नुसता वास घ्यावा, मग एक छोटा घोट, आणि त्यानंतर थेंबभर पाणी घालून पुन्हा वास. पाण्यामुळे ग्वायाकोलसारखे धुरकट वासाचे रेणू पृष्ठभागाकडे येण्यास मदत होते, असे २०१७ मधील संगणकीय अभ्यासात आढळले आहे. (आधीच पाणी घालून ४० टक्के मद्यार्कावर बाटलीबंद केलेल्या व्हिस्कीत पाण्याचा हात जरा आखडताच ठेवावा.)

जोडीसाठी माझी आवड सांगायची, तर पीटच्या (दलदलीतल्या, जळणासाठी वापरल्या जाणाऱ्या मातीच्या) धुराची, स्कॉटलंडच्या आयला बेटावरची व्हिस्की आणि चेलो या व्हायोलिनच्या मोठ्या भावंडाचे खर्जातले सूर. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेल्या गोडसर व्हिस्कीला पियानो अधिक शोभतो.