डंपिंगच्या बायोमायनिंगचं टेंडर गाळवाल्याला गेलं, आव्हान देता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खाडीकाठच्या एका नगरपरिषदेने डंपिंगवरच्या जुन्या कचऱ्याच्या बायोमायनिंगचं (म्हणजे तो खणून, चाळून वेगळा करून हलवण्याचं) टेंडर काढलं. तुम्हाला 'समान कामाचा अनुभव नाही' म्हणून तांत्रिक लिफाफ्यातच बाद केलं आणि काम गेलं नदीतला गाळ काढणाऱ्या कंपनीला. तुमचा दर कमी होता, तर आता काय करायचं?

आव्हान देता येतं, पण कार्यारंभ आदेश (वर्क ऑर्डर) निघायच्या आत हालचाल करा. मी वकील नाही. रत्नागिरीत ठेकेदारांची टेंडरची कागदपत्रं लावून देतो, त्या अनुभवावरून लिहितोय.

'आमचा दर कमी होता' हे आधी डोक्यातून काढा. तांत्रिकमध्ये बाद झालात म्हणजे तुमचा आर्थिक, म्हणजे दराचा, लिफाफा उघडलाच नाही. जो दर कोणी पाहिलेला नाही त्यावर भांडता येत नाही.

सगळी मदार अनुभवाच्या अटीवर आहे. निविदेत 'समान स्वरूपाचे काम' म्हणजे काय ते कसं लिहिलंय, शब्दन् शब्द वाचा. शुद्धिपत्रकं आणि प्री-बिड (बोली भरण्याआधीच्या) बैठकीतली उत्तरंही वाचा, कधीकधी व्याख्या तिथे सैल झालेली असते. 'जुन्या घनकचऱ्याचे उत्खनन, चाळणी व विल्हेवाट' असं असेल तर गाळाच्या कामाचा अनुभवाचा दाखला त्यात बसत नाही. गाळाला पोकलेन आणि डंपर पुरतात, मोजमाप घनमीटरमध्ये होतं. बायोमायनिंगला ट्रॉमेल (फिरती चाळणी) लागतो, चाळून निघालेलं प्लास्टिक, चिंध्या वेगळ्या करून आरडीएफ (कचऱ्यापासूनचं इंधन) म्हणून सिमेंट कारखान्याकडे पाठवावं लागतं, खाली उरलेल्या मातीची तपासणी करावी लागते. गाळवाल्याच्या दाखल्यात यातलं काय आहे ते बघा. २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात वाशिष्ठीचा गाळ उपसला गेला, इतर नद्या-खाड्यांतही अशी कामं निघतात. तेव्हा गाळाचे दाखले आपल्याकडे दुर्मिळ नाहीत, चाळणीचे आहेत.

पण व्याख्येतच 'उत्खनन व वाहतूक' एवढं मोघम लिहिलं असेल, तर त्याचा दाखला बसतो आणि तुमची बाजू निम्मी होते. टेंडर भरून, हरल्यावर 'अटच चुकीची होती' हे कोर्ट सहसा ऐकून घेत नाही. ते भरायच्या आधी म्हणायचं असतं. मग एकच मुद्दा हातात राहतो: एवढ्या मोघम अटीत तुमचा दाखला का बसला नाही? तोही कमी नाही. स्वतः छापलेल्या अटी सरकारी संस्थेवरही बंधनकारक असतात, हे सुप्रीम कोर्टाने १९७९ मध्ये विमानतळ प्राधिकरणाच्या प्रकरणातच सांगितलंय. एकाला कडक आणि दुसऱ्याला सैल असं झालं असेल, तर तोच तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा.

आजच महाटेंडर्सवर (राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर) जाऊन तांत्रिक मूल्यमापनाचा तक्ता, बाद केल्याचं कारण, निविदा, शुद्धिपत्रकं सगळं उतरवून ठेवा. मग मुख्याधिकाऱ्यांना दोन पानांचा आक्षेप द्या. अटीचा क्रमांक, तुमचा दाखला, त्याचा दाखला, बस्स. आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, ईमेलही करा. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध निर्णयाची अंमलबजावणी ते थांबवू शकतात. थांबवतीलच असं नाही, पण 'आधी इथे दाद मागितली' हे कागदावर येतं. कर्नाटकात १९९९ च्या कायद्यात टेंडरविरुद्ध अपिलाची सोय आहे. आपल्याकडे तसा कायदाच नाही, म्हणून हा द्राविडी प्राणायाम.

माहिती अधिकाराचा अर्जही टाका, पण त्यावर विसंबून राहू नका. मुदत ३० दिवसांची, आणि दुसऱ्या कंपनीची कागदपत्रं म्हणजे त्रयस्थ पक्ष, तिथे ४० दिवस जातात. तोवर तिकडे पोकलेन उतरलेला असेल.

दिवाणी दाव्यातून मनाई मिळवायचा सल्ला कोणी देईल. स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर घनकचरा व्यवस्थापन पायाभूत प्रकल्पांच्या यादीत आहे, काम अडवणारा मनाई हुकूम तिथे जवळपास बंद. हरित लवादही यासाठी नाही. पुण्याचं खंडपीठ कचऱ्याच्या प्रदूषणाचं बघेल, तुमच्या टेंडरचं नाही. राहते उच्च न्यायालयातली संविधानाच्या अनुच्छेद २२६ ची रिट याचिका. रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून ती कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाते, मुंबईची फेरी वाचली. रायगडवाल्यांना अजून मुंबईच.

तिथे काय तपासतात? सुप्रीम कोर्टाच्या 'टाटा सेल्युलर' (१९९४) निकालापासून एकच सूर आहे: निर्णय बरोबर का चूक हे नव्हे, तो कसा घेतला ते. 'जगदीश मंडल' (२००७) ने त्यात लोकहिताचा प्रश्न घातला. आणि 'एन. जी. प्रोजेक्ट्स' (२०२२) मध्ये तर काम थांबवण्यापेक्षा नुकसानभरपाईकडे बघा असं म्हटलंय. म्हणूनच तारीख महत्त्वाची. आपल्याकडे चाळणीचं काम पावसाळा संपल्यापासून मे अखेरपर्यंतच नीट चालतं, ओला कचरा जाळीला चिकटतो. तुम्ही मार्चमध्ये गेलात तर नगरपरिषदेचा वकील म्हणणार, आता स्थगिती दिलीत तर पावसात कचऱ्यातून झिरपणारं सगळं घाण पाणी खाडीत. आणि ते खोटंही नसेल.

'संगनमत', 'भ्रष्टाचार' हे शब्द पुरावा असल्याशिवाय लिहू नका. वाईट हेतूचा आरोप केलात की कोणी, काय, कधी केलं ते नावानिशी सांगावं लागतं, नाहीतर चांगला मुद्दाही त्यात वाहून जातो. पेपरात बातमी द्यायची घाईही नको.

आणखी दोन गोष्टी वकिलाशी बोला. तुमच्या बोलीची वैधता संपत आली असेल तर ती वाढवल्याचं पत्र आधी द्या, नाहीतर 'याची बोलीच जिवंत नाही' म्हणतील. आणि जिंकलात तरी काम तुम्हालाच मिळेल असं धरू नका. फेरमूल्यांकन किंवा फेरनिविदा, एवढंच बहुधा पदरात पडतं. तेवढ्यासाठी वकिलाची फी परवडते का, ते कामाची रक्कम बघून तुम्हीच ठरवा.