गट पेन्सिलने लिही

प्रिय बाय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. चौथीत अठरा पोरं, पाच जण धडा घडाघडा वाचतात, सात अडखळतात, सहांना अजून काना-मात्रेचा पत्ता नाही, वर तिसरीपण तुझ्याच गळ्यात. कोणाला शिकवू म्हणतेस.

धडा आधी तू मोठ्याने वाच, अठराच्या अठरांना. वाचता येत नाही म्हणजे कळत नाही असं थोडंच आहे गो, रात्रभर दशावतार बघून सकाळी राक्षसाचे संवाद म्हणून दाखवणारी पोरं ती! त्यांना सोपी गोष्ट वाचायला दे, पण ऐकायला अर्धी देऊ नको. मग पाऊण तास गट कर, नि पहिली बैठक त्या सहांबरोबर. वाचणारी पाच जणं जोडीने वाचून एकमेकांना प्रश्न काढतील, तिसरीतली पोरंही वाचनाप्रमाणे त्याच गटांत बसव, इयत्ता विसर.

गट मात्र पेन्सिलने लिहायचे. पेनाने नाही.

एकेकाला जवळ घेऊन अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं वाचून घे, पोरांचं वाचन तपासणाऱ्या 'असर' पाहणीवाले 2005 पासून घरोघरी हेच करतात, एका पोराला पाच मिनिटं पुरतात. नि 'अडखळतो' एवढंच काय लिहितेस? कुठे अडखळतो? 'सर्प'मधल्या रफारावर की 'चक्र'मधल्या र वर? दोन्हीवरचा उपाय वेगळा. एकाने माझ्याकडे विहिरीचं चित्र बघून 'विहीर'च्या जागी आपल्या बोलीतलं 'बाव' वाचलेलं, मी फुली मारली. अक्षर चुकलं होतं, अर्थ नव्हता चुकला, हे कळायला मला वर्षं लागली. सरकारच्या 'निपुण भारत' वाचन-गणित मोहिमेत तिसरीला मिनिटाला 60 शब्द म्हणतात, ते 'अर्थ समजून' आहेत, पण लोक फक्त घड्याळ लावतात.

आता माझं सांगते. माझ्याकडेही गट होते, छान, रंगीत पुठ्ठ्यावर, पेनाने. खालचा गट पडवीत बसायचा, कारण तिथून मला आवाज यायचा नाही. त्यातला एक तीन वर्षं पडवीत बसला, मधे रफार शिकला असेलही, मी बघितलंच नाही. सबब होती माझ्याकडे, दोन वर्ग, पोषण आहाराची नोंदवही, पावसात गळणारं छप्पर, तालुक्याच्या मीटिंगा. खरीच होती ती, अजूनही म्हणेन, तुम्हाला आता निदान गोष्टीची पुस्तकं तरी मिळतात. पण महिन्यातून एकदा पुठ्ठा खोडायला किती वेळ लागला असता? तो आता होडीवर जातो, बांगडा मिळाला की मला फोनवर आवाज पाठवतो. एकदाही टाईप केलेलं नाही त्याने. मीही आवाजच पाठवते, लिहून पाठवायचा धीर होत नाही.

म्हणून पेन्सिल. दर तीन आठवड्यांनी परत वाचून घे, कोणी वर कोणी खाली, रडू दे कोणाला रडायचं तर. चिरेखाणीवरची ती दोन कानडी पोरं तू सरळ खालच्या गटात टाकलीस ना? त्यांना मराठी येत नाही हा एक प्रश्न, वाचता येत नाही हा दुसरा, आधी बघ कुठला आहे. गणपतीत सुट्टीवर गेलेलं पोर परत आलं की त्याचंही लगेच वाचून घे, महिन्याभरात बरंच निसटतं.

शिमग्याआधी वही घेऊन घरी ये. खाडाखोड दिसली पाहिजे मला, स्वच्छ वही आणलीस तर चहा मिळणार नाही. आणि आमसुलं आणू नको, डबा भरलेला आहे.

तुझी बाई